पिनोचेच्या काळात चिलीतला राजकारणात नसलेला साधा माणूस सुखात होता का?

प्रश्नाखाली तुम्ही जोडलंय: 'डाव्यांना त्रास झाला हे मान्य, पण जो आपण बरं नि आपलं काम बरं असा राहिला त्याला शिस्त, सुरक्षितता आणि सुबत्ताच मिळाली ना?' हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं आमच्या फॅमिली ग्रुपवर वाचतोय. लिहिणारे माझे सासरे. त्यामुळे उत्तर लांबणार आहे आणि त्यात सासरे येणार आहेत, इलाज नाही. ज्यांना नुसतं हो की नाही हवंय त्यांच्यासाठी: नाही.

एका ओळीत: 1973 मध्ये लष्करप्रमुख पिनोचेने उठाव करून निवडून आलेले डावे राष्ट्राध्यक्ष आयेंदे यांचं सरकार उलथवलं आणि 1990 पर्यंत हुकूमशाही चालवली. बाकी, सीआयएची भूमिका वगैरे, तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

नोकरीच्या निमित्ताने आम्ही दोघं सांतियागोत राहत होतो. न्यून्योआ भागात, नॅशनल स्टेडियमपासून चालत जाण्याच्या अंतरावर. वरच्या मजल्यावर आम्ही, खाली घरमालकीणबाई. निवृत्त प्राथमिक शिक्षिका. नाव लिहीत नाही, आम्ही त्यांना 'सेन्योरा' म्हणायचो. आयुष्यात कुठल्या पक्षाची पावती फाडली नाही, मोर्चाला गेल्या नाहीत, भिंतीवर कुणाचा फोटो नाही. तुमच्या प्रश्नातला 'साधा माणूस' शोधायचा तर या बाईंच्या दारात येऊन थांबावं लागेल.

2013 च्या सप्टेंबरात अण्णा आणि आई, म्हणजे सासू-सासरे, आमच्याकडे आले. उठावाला त्या महिन्यात चाळीस वर्षं होत होती. टीव्हीवर दुसरं काही नव्हतंच. हॉकर हंटर विमानं ला मोनेदावर, म्हणजे तिथल्या राष्ट्राध्यक्षांच्या राजवाड्यावर, बॉम्ब टाकतायत हे दृश्य दिवसातून कितीदा तरी. अण्णांना स्पॅनिशचा गंध नाही, पण नुसती चित्रं बघून त्यांनी स्वतःपुरता इतिहास तयार केला होता. आयुष्य सरकारी नोकरीत गेलेलं. आणीबाणीत ते नोकरीला नवे होते, तेव्हा साहेबापासून शिपायापर्यंत सगळे वेळेवर खुर्चीत असायचे, लोकल मिनिटाला मिनिट धावायच्या, हे त्यांचं लाडकं आख्यान. सांतियागोची मेट्रो बघून म्हणाले, "बघा जावईबापू, दंडुका हातात असला की असं होतं." मी म्हटलं, अण्णा, मेट्रोचं काम 1969 मध्ये सुरू झालं, निवडून आलेल्या फ्रेई सरकारच्या काळात. 1975 मध्ये फीत तेवढी पिनोचेने कापली. म्हणाले, "पण पुरी केली ना?"

अशा माणसाशी काय बोलणार.

तर एका संध्याकाळी सेन्योरांनी आम्हाला चौघांना 'ओन्से'ला बोलावलं. ओन्से म्हणजे तिकडचा संध्याकाळचा चहा, पण बऱ्याच घरांत रात्रीचं जेवण त्यातच उरकतं. कडक सालीचा मार्राकेता पाव, वर कुस्करलेला आव्होकाडो, मीठ, आणि किटली भरून चहा. (दक्षिण अमेरिका म्हणजे कॉफी असं समजून गेलेल्यांनी चिलीत जरूर जावं.) आईंनी पुण्याहून आणलेल्या चकल्या नेल्या होत्या. हवापाणी झालं, नातवंडं झाली, आणि मग अण्णा मला म्हणाले, "त्यांना सांगा, आमच्याकडेसुद्धा असा एक माणूस दहा वर्षांसाठी पाहिजे."

बायकोने टेबलाखालून पाय मारला. जावयाने सासऱ्याशी वाद घालू नये हे मला मान्य आहे. पण दुभाष्याला तो नियम लागू नाही. मी एक अक्षर न गाळता स्पॅनिशमध्ये सांगितलं.

बाई अजिबात रागावल्या नाहीत. अण्णांच्या कपात चहा ओतत म्हणाल्या, "मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं."

हेच ते वाक्य. अण्णांनी ते तिथल्या तिथे उचललं आणि आजतागायत सोडलेलं नाही. 'चिलीतल्या एका शिक्षिकेने मला स्वतः सांगितलं' अशी सुरुवात करून ते ग्रुपवर फिरतं. त्याच्या पुढे बाई दीड-दोन तास बोलत होत्या. ते कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहितो.

1973 मध्ये त्या सत्तावीस वर्षांच्या होत्या, तान्हा मुलगा. तेलाला रांग, साखरेला रांग, सिगारेटला आणि टॉयलेट पेपरलाही रांग. महागाई वर्षाला शेकडो टक्के. ट्रकमालकांचे संप. बाळाचं दूध मिळवायला त्या पहाटेपासून उभ्या राहायच्या. त्यामुळे 11 सप्टेंबरला, मंगळवारी, रेडिओवर लष्करी बँड सुरू झाला तेव्हा त्यांच्या आईने गॅलरीत झेंडा लावला आणि ठेवणीतली वाइनची बाटली काढली. बाईंनीही घोट घेतला. थोड्याच दिवसांत जो माल 'नव्हताच' तो दुकानांत दिसू लागला. आता कुठे देश ताळ्यावर येईल, असं त्यांना खरंच वाटलं. इथपर्यंत अण्णा चकली खात समाधानाने मान डोलवत होते.

मग बाई म्हणाल्या, तेल आलं आणि त्याच आठवड्यात स्टेडियमवर माणसं आणायला लागले.

नॅशनल स्टेडियमचा तुरुंग केला होता. रेड क्रॉसच्या अंदाजाने सप्टेंबरअखेरीस तिथे एका वेळी सुमारे 7,000 माणसं कोंडलेली होती. प्रेक्षकांच्या गॅलरीखालच्या खोल्यांत, खेळाडूंच्या कपडे बदलायच्या खोल्यांत. चौकशी चालायची ती शेजारच्या सायकल शर्यतींच्या मैदानावर. (गायक व्हिक्टर हाराला मारलं ते हे स्टेडियम नव्हे. ते शहराच्या मध्यवर्ती भागातलं छोटं, बंदिस्त 'एस्तादियो चिले'. या दोन्हींची नेहमी गल्लत होते.) बाईंची शाळेची वाट ग्रेसिया रस्त्याने जायची. फाटकासमोर बायकांची गर्दी. हातात स्वेटर, ब्लँकेट, कागदात बांधलेलं खाणं. आत आपला माणूस आहे का, एवढंच विचारायला दिवसदिवस उभ्या. बाईंनी काय केलं? रस्ता बदलला. "पंधरा मिनिटं जास्त लागायची," म्हणाल्या. "मी रोज पंधरा मिनिटं लवकर निघायला लागले."

नोव्हेंबरात ते स्टेडियम रिकामं केलं, कारण वर्ल्ड कपच्या पात्रतेचा सामना होता. सोव्हिएत संघाने असल्या मैदानावर खेळायला नकार दिला. तरी 21 नोव्हेंबरला चिलीचे खेळाडू उतरले, समोर कोणी नसताना चेंडू ढकलत नेला, मोकळ्या जाळ्यात गोल मारला आणि राष्ट्रगीत झालं. बाईंच्या नवऱ्याकडे तिकीट होतं, तो गेला होता. घरी येऊन म्हणाला, एक-शून्य.

शाळेतला संगीताचा शिक्षक ऑक्टोबरपासून आला नाही. मस्टरवर त्याच्या नावापुढे काही दिवस रकाने रिकामे राहिले. पुढच्या महिन्यात नवं मस्टर आलं, त्यात नाव नव्हतं. शिक्षकांच्या खोलीत एकानेही विचारलं नाही. विचारलं तर आपली त्याच्याशी ओळख होती हे सिद्ध होतं ना! बाई त्याला मेला असंच समजून चालल्या. खूप वर्षांनी कळलं की तो एका दूतावासात शिरून स्वीडनला पोचला होता. असे देशाबाहेर गेलेले दोन लाखांच्या आसपास, आणि तेव्हा चिलीची सगळी लोकसंख्या एक कोटीच्या घरात. बऱ्याच जणांच्या पासपोर्टवर 'एल' अक्षराचा शिक्का असायचा. तो असला की मायदेशात पाऊल ठेवायला बंदी.

आता तुमचा 'राजकारणात नसलेला' माणूस. कोण राजकारणात आहे हे तिथे तो माणूस ठरवत नव्हता. शेजारी ठरवत होता, हाताखालचा शिपाई ठरवत होता, ज्याच्याशी कुंपणावरून भांडण झालं तो ठरवत होता. खबऱ्याला तिकडे 'सापो' म्हणायचे. बाईंना वाटायचं कोपऱ्यावरचा वाणी सापो असावा. म्हणून त्या त्याच्याशी मुद्दाम गोड बोलायच्या. लोकशाही आल्यावर काही वर्षांनी तोच वाणी त्यांना म्हणाला, "आम्हाला घरी सगळ्यांना वाटायचं तुम्हीच आहात, इतक्या गोड बोलायचात म्हणून." हे सांगताना बाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. अण्णाही हसले. भाषांतर मी पुरतं केलं होतं, पण त्यांना नक्की कशाचं हसू आलं मला माहीत नाही.

संचारबंदी सुरुवातीला कडक होती, मग वेळा बदलत गेल्या, मध्ये मध्ये उठली, पण पूर्ण संपायला 1987 उजाडलं. तरुण पोरांनी त्यावरही तोड काढली होती: संध्याकाळी संचारबंदी लागण्याआधी पार्टीला जायचं आणि पहाटे उठेपर्यंत तिथेच नाचायचं. बाईंचा धाकटा भाऊ अशाच पार्टीत भेटलेल्या मुलीशी लग्न करून बसला. हसण्यासारखं होतं तसं न हसण्यासारखंही. मुलाला रात्री ताप चढला तेव्हा नवरा पांढरा रुमाल हातात उंच धरून रस्त्याच्या मधोमध चालत डॉक्टरकडे गेला, बाई खिडकीत उभ्या.

शाळेत सोमवारी सकाळी झेंडा आणि राष्ट्रगीत. त्या काळात राष्ट्रगीताला शूर सैनिकांच्या नावाचं एक जादा कडवं म्हणायला लावायचे. पोरांचे केस कापलेले हवेत. घरी मुलाला बोलता येऊ लागलं तसं शिकवलं: घरात ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही. रात्री शॉर्टवेव्हवर मॉस्को रेडिओचा चिलीसाठीचा स्पॅनिश कार्यक्रम लागायचा, तो नवरा उशीखाली रेडिओ ठेवून ऐकायचा. कम्युनिस्ट म्हणून नाही हो, आपल्याच शहरात काय चाललंय ते कळायला! मुलगा पाच वर्षांचा असताना त्याने शाळेत चित्र काढलं, बाबा झोपलेत आणि उशीतून आवाज येतोय. बाईंनी ते चित्र वर्गशिक्षिकेकडून मागून आणलं आणि शेगडीत घातलं. ती वर्गशिक्षिका त्यांचीच मैत्रीण. तिने का हवंय विचारलं नाही, बाईंनी सांगितलं नाही, आणि त्या दिवसापासून दोघी एकमेकींना जपून राहायला लागल्या.

अण्णा म्हणाले, "पण अटक तर नाही ना झाली यांना? विचारा."

मी विचारलं. नाही झाली. "मी नशीबवान," बाई म्हणाल्या. त्या रात्री अण्णांच्या वहीत बहुधा एवढंच उतरलं असावं.

आता सुबत्ता, कारण ग्रुपवर खरा जोर तिथेच असतो. शिकागोत शिकून आलेल्या अर्थतज्ज्ञांनी बाजार मोकळा केला आणि चिली वाघ झाला, वगैरे. 1982 मध्ये याच वाघाची अर्थव्यवस्था एका वर्षात सुमारे 14 टक्क्यांनी आक्रसली. बुडत्या खासगी बँका शेवटी सरकारनेच ताब्यात घेतल्या. तुटपुंज्या पैशांच्या सरकारी रोजगार-कामावरची माणसं धरली तर जवळपास 30 टक्के लोक बेकार होते. वस्त्यांमध्ये बायका घराघरातून मूठमूठ गोळा करून एकाच मोठ्या भांड्यात सगळ्यांचं जेवण रांधायच्या. 1987 च्या पाहणीत 45 टक्के लोक गरिबीत निघाले. गरिबी खरी घटली ती 1990 नंतर, निवडून आलेल्या सरकारांच्या काळात. आणि देशाची सगळ्यात मोठी मिळकत, तांबं? आयेंदेने राष्ट्रीयीकरण केलेल्या खाणी पिनोचेने सरकारकडेच ठेवल्या, कारण त्यांच्या निर्यातीतला 10 टक्के वाटा कायद्याने थेट लष्कराला जात होता. खुल्या बाजाराचे भक्त हे सांगत नाहीत.

बाईंचा स्वतःचा हिशेब याहून सरळ आहे. 1981 पासून सरकारी शाळा नगरपालिकांच्या गळ्यात बांधायला सुरुवात झाली. कागदोपत्री शिक्षकांचा मालक बदलला आणि त्यांना मिळायची ती पगारवाढ मध्येच गडप झाली. तिकडे तिला 'ऐतिहासिक देणं' म्हणतात. शिक्षक म्हातारे होऊन मेले तरी तिच्यासाठी मोर्चे चालू होते. त्याच वर्षी नवी पेन्शन आली: सगळं तुमच्या पगारातून कापायचं, खासगी कंपनीने गुंतवायचं. जुन्या योजनेत राहायची मुभा होती, पण नव्यात गेलं की हातात पगार थोडा जास्त पडायचा, आणि हेडमास्तरांनी फॉर्म आणून टेबलावर ठेवले होते. लष्कराने नेमलेल्या हेडमास्तरांना कोण नाही म्हणणार? बाईंनी सही केली. आम्ही राहत होतो तेव्हा त्या वरचा मजला भाड्याने का देत होत्या, तर त्या पेन्शनमध्ये महिना निघत नव्हता म्हणून. सैन्य आणि पोलिसांना ही योजना लावलीच नाही. त्यांनी आपली जुनी, सरकारी, भरवशाची पेन्शन स्वतःपाशी ठेवली.

हे भाषांतर केल्यावर, सांगतो, अण्णा पहिल्यांदा गप्प झाले. ते स्वतः जुन्या पेन्शनवर आहेत. मी विचारलं, इतकी चांगली योजना होती तर लष्कराने स्वतःला का लावून घेतली नाही? म्हणाले, "सैनिकाचं वेगळं असतं." हा प्रश्न मी ग्रुपवर अधूनमधून टाकतो. त्यानंतर कुणीतरी सुप्रभातची फुलं पाठवतं.

बाकीचं भराभर. सुरक्षितता: रस्त्यावर पाकीटमार कमी असतीलही, पण सरकारी आयोगांनी मोजलेले मृत आणि बेपत्ता 3,000 हून जास्त आणि छळ-तुरुंगवास सोसलेले 38,000 हून जास्त आहेत. पकडलेल्यांच्या सुटकेसाठी कोर्टात गेलेले हजारो अर्ज जवळपास सगळे फेटाळले गेले. 2013 च्या त्याच सप्टेंबरात न्यायाधीशांच्या संघटनेने त्याबद्दल जाहीर माफी मागितली. भ्रष्टाचार नव्हता म्हणणाऱ्यांनी वॉशिंग्टनच्या रिग्ज बँकेतली पिनोचेची गुप्त खाती आठवावी, 2004 मध्ये अमेरिकन सिनेटच्या चौकशीत बाहेर आलेली. 'फक्त कम्युनिस्टांना' म्हणणाऱ्यांसाठी हवाई दलाचे जनरल आल्बेर्तो बाचेलेत: गणवेशातला माणूस, उठावाला साथ दिली नाही म्हणून स्वतःच्याच सहकाऱ्यांकडून छळ, 1974 मध्ये तुरुंगात मृत्यू. त्यांची मुलगी पुढे राष्ट्राध्यक्ष झाली.

मे 1983 मध्ये तांबे कामगारांच्या हाकेवरून पहिला मोठा देशव्यापी निषेध झाला, तेव्हा बाईंनी घरातले दिवे घालवून खिडकीत पातेलं वाजवलं. आयुष्यातलं पहिलं राजकारण, वय सदतीस. गंमत अशी की पातेली वाजवायची ही पद्धत तिथे गाजवली ती आयेंदेविरुद्ध रस्त्यावर आलेल्या सुखवस्तू बायकांनी, आणि त्यात बाईंची आई होती. मी विचारलं, पातेलं तेच का? "छे, आईचं चांगलं होतं. तिने दिलं नसतं." पिनोचेने पुढेही सत्तेवर राहावं का, यावरच्या 5 ऑक्टोबर 1988 च्या जनमतात बाईंनी 'नाही'वर खूण केली, आईने 'हो'वर. साधारण 56 विरुद्ध 44 टक्क्यांनी 'नाही' जिंकलं. दोघी एकाच टॅक्सीतून गेल्या होत्या.

आता थोडी सारवासारव, नाहीतर कमेंटमध्ये याल. आयेंदेच्या शेवटच्या वर्षाचे हाल खरे होते. त्यात अमेरिकेचा पैसा होता तशी सरकारची स्वतःची घोडचूकही होती. 1985 नंतर अर्थव्यवस्था सावरली हेही खरं. 44 टक्के लोकांनी 'हो' म्हटलं, ते सगळे राक्षस नव्हते. सेन्योरांच्या आई त्यात होत्या आणि त्या फार प्रेमळ होत्या म्हणे. आणि मी सांगितलेली कहाणी मध्यमवर्गी वस्तीतली, ज्यांच्या वाट्याला सगळ्यात कमी हाल आले त्यांची आहे. ला व्हिक्टोरियासारख्या गरीब वस्तीत हाच प्रश्न विचाराल तर उत्तर वेगळं मिळेल. तिथे 1984 मध्ये आंद्रे जार्लां हा फ्रेंच पाद्री आपल्या खोलीत वाचत बसला असताना पोलिसांची गोळी भिंत भेदून त्याच्या मानेत शिरली. तो तर काहीच करत नव्हता, वाचत होता.

सांतियागोला जाणार असाल, आणि बरोबर आमच्या अण्णांसारखं कुणी असेल, तर त्यांना विया ग्रिमाल्दीला (तेही छळकेंद्र, आता स्मारक) नेण्याआधी लोंद्रेस 38 ला न्या. शहराच्या मध्यात, सान फ्रान्सिस्को चर्चच्या मागे, चांगल्या वस्तीतलं जुनं घर. छळकेंद्र होतं. डोळ्यांवर पट्टी असलेल्या कैद्यांना पट्टीखालून फक्त काळ्या-पांढऱ्या फरशा दिसायच्या आणि पुढे त्या फरशांवरूनच त्यांनी जागा ओळखली. लष्कराने पत्ता पुसायला दारावरचा 38 काढून 40 लावला होता. मी अण्णांना नेणार होतो, पण त्या दिवशी त्यांचे गुडघे दुखत होते. दुपारी सान क्रिस्तोबाल टेकडीवर मात्र फिरून आले.

किन्ता नॉर्मल स्टेशनला उतरून मेमरी म्युझियम, म्हणजे त्या काळातल्या अत्याचारांचं संग्रहालय, बघा, तिकीट नाही. सोमवारी जाऊ नका, बंद असतं.